दर शनिवारी सरकणारा देव

पेटी हलत नव्हती.

सौदामिनीनं दोन्ही तळवे पेटीच्या अंगाला टेकवले, पाय मागच्या भिंतीला रोवले आणि दात आवळून जोर लावला. कपाळावरची शीर टरारली. पेटी होती तिथंच.

"हलली का?" अप्पांनी वह्या तपासता तपासता विचारलं.

"नाही ना. पाण्याची बाटली मागं पडलीय. ती नसली तर तोरण्यावर पाणी कशातून नेणार? तुम्ही हात लावा."

"लावतो. आधी मला सांग, तू ढकलत होतीस तेव्हा पेटी काय करत होती?"

"पेटी काय करणार? नुसती बसली होती."

"नुसती बसली असती तर एव्हाना अंगणात गेली असती." अप्पांनी टाक खाली ठेवला. ते भोरच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे आणि घरीही शाळा सुटू द्यायचे नाहीत. "एका बोटानं ढकल बघू. हलली? नाही. म्हणजे तुझ्या बोटाच्या जोराएवढा जोर कुणीतरी उलट लावला. आता दोन्ही हातांनी. आता दोन्ही हातांएवढा लावला. पेटीचं बूड आणि जमीन एकमेकांना धरून बसलीत. तू जेवढं ढकलशील तेवढंच ती धरणार. स्थिर घर्षण म्हणतात त्याला. गप्प बसलेली वस्तू रिकामी बसलेली नसते, सौदा."

"मग ती कधीच हलायची नाही?"

"धरण्यालाही हद्द असते. ये, दोघं मिळून बघू."

दोघांनी मिळून रेटा दिला. पेटी क्षणभर अडली आणि मग एकदम अशी सुटली की सौदामिनी तोंडावर पडता पडता राहिली. अप्पा हसले. आतून आई म्हणाली, "शास्त्र आटोपलं असेल तर पानं घ्या."

मे महिन्यात पासलीला जायचं ठरलं होतं. मामांची तिथल्या शाळेवर नुकतीच बदली झाली होती. पासलीहून वेल्ह्याला यायचं आणि तोरणा चढायचा. मामेभाऊ आनंदनं पत्रातून आधीच बजावलं होतं, 'भोरच्या लोकांना चढ झेपत नाही असे ऐकतो.' त्याला काय उत्तर द्यायचं यावर जेवताना बराच खल झाला. तो मंगळवार होता.

बुधवारी तिसऱ्या तासाला अप्पा फळ्यासमोर उभे होते. हातातला खडू खाली पडला आणि पाठोपाठ ते स्वतः. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे दिवस माणसांनी घर भरलेलं होतं. बायका आईपाशी बसत आणि सौदामिनी आली की बोलायच्या थांबत. "पोर किती शांत आहे बघा. डोळ्यांतून टिपूस नाही," असं कुणीतरी म्हणालं. ते खरं होतं. सगळे म्हणत होते, 'अप्पा गेले.' तिनं ते दोन शब्द एकदाही उच्चारले नव्हते. जमलंच नव्हतं.

मे महिन्यात मामा तिला पासलीला घेऊन आले. नसरापुरापर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं बैलगाडी. तिला सोडून ते दुसऱ्याच दिवशी भोरला परतले, कारण आईजवळ कुणीतरी हवं होतं.

मामा गेले त्या दुपारी सौदामिनी चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

"मामी, इथं गावात कुणाला सांगू नका."

मामींनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. काय सांगू नका, ते त्यांनी विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या. आनंदकडून तिनं गळ्याची शपथ घेतली.

विहिरीवर बायकांनी चौकशी केली, "तुजं वडील काय करत्यात गं?"

"हायस्कुलात शास्त्र शिकवतात."

'शिकवतात.' शब्द किती सहज बाहेर पडला. साऱ्या जगात आता हे एवढंच गाव उरलं होतं, जिथं अप्पा रोज सकाळी टोपी घालून शाळेत जात होते. पण त्या गावात ती एकटीच होती. रात्री अंथरुणावर पडलं की तिला ते चांगलं कळत असे.

*

"आमचा देव बगायचा का?" भिमानं विचारलं. "चालतो त्यो."

भिमा शेजारच्या घरातली, अकरा वर्षांची. तिच्या तोंडाला विसावा म्हणून नव्हता.

"देव चालत नसतात," आनंद म्हणाला.

"तुमच्या पुस्तकातलं न्हाई चालत. आमचा चालतो. दर शनवारी डोंगरावरनं थोडा खाली येतो."

सौदामिनीला खरं तर कुठंच जायचं नव्हतं. पण ओसरीवर बसून राहायचंही नव्हतं. तिघं निघाली.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगराचा एक उघडा कातळ होता. काळा, गुळगुळीत, घराच्या छपरासारखा उतरता. त्याच्या मध्यावर एक प्रचंड दगडी शिळा होती. माणूस झोपला तर डोक्याशी नि पायाशी हात-हात जागा उरावी एवढी लांब. ती दोन जाड ऐनाच्या लाकडांवर बांधलेली होती आणि वरून शेंदूर-तेलानं न्हाऊन निघाली होती. बरोबर खाली, कातळ संपतो तिथं, पाण्याचा झरा होता. झऱ्यावर एक भलं मोठं आंब्याचं झाड. चार-पाच बायका तिथं धुणं धूत होत्या.

"हा देव इथं आला कसा?" सौदामिनीनं विचारलं.

भिमा हे सांगायला टपलेलीच होती. "वड्यावर साकव बांधायचाय न्हवं, त्येच्यासाठी चिमाजी मुकादमानं वरच्या खाणीतनं ही शिळा काढली. खाली लाकडं घातली, म्होरं चिखल टाकायचा, दोर लावायचं आणि वढायचं. हितपतूर आली. मग चिखलाला पाणी सरलं आन् शिळा बसली. तीस गड्यांनी वढली, पार दोर तुटलं. मुकादम म्हणला, देव बसला, आता आमी काय करणार. माझ्या आजीनं दिवा लावला. तवापासनं दर शनवारी गाव तेल घालतं."

"आणि मुकादम?"

"त्यो रोज येऊन पाया पडतो नि जातो."

"बरोबर आहे," आनंद म्हणाला, "शिळा न्यायचे कष्ट वाचले. मीसुद्धा पाया पडेन."

सौदामिनी शिळेच्या बाजूनं वर चढली. शिळेच्या मागच्या कातळावर शेंदराचे ओघळ वाळून गेले होते. तेलाबरोबर शेंदूर खाली ओघळला की लाकडाच्या कडेशी त्याची एक आडवी रेघ उमटत होती. अशा पाच रेघा होत्या.

"किती शनिवार झाले, भिमा?"

"पाच."

सौदामिनी गुडघ्यांवर बसली. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेत गव्हाच्या दाण्याएवढं अंतर होतं. पुढचं एक बोट. त्यापुढचं दोन बोटं, त्याच्याही पुढचं तीन. शेवटची रेघ आणि लाकडाची आताची कड यांच्यात चार बोटं मावली. तिनं लाकडाला हात लावला. लाकूड तेलानं काळंभोर झालं होतं आणि तळवा त्यावरून सर्रकन घसरला.

तिनं वळून खाली पाहिलं. कातळ, कातळाच्या शेवटी झरा, झऱ्यावर वाकलेल्या पाठी.

"आनंद," ती हळूच म्हणाली, "हा देव चालत नाहीये. त्याचा हात सुटत चाललाय."

*

"समजेल असं बोल," घरी आल्यावर आनंद म्हणाला.

सौदामिनीनं मामींचा चटणी वाटायचा दगडी पाटा ओसरीवर ओढत आणला. त्यावर एक लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर तांदळाचं भरलेलं मापटं ठेवलं.

"ही शिळा. हा कातळ. आता एका बाजूखाली पुस्तक घाल."

"बाबांची पुस्तकं?"

"मग काय भाकरी घालणार आहेस?"

एक पुस्तक, दोन, तीन. पाटा कलत गेला. ठोकळा जागचा हलला नाही.

"वजन त्याला खाली ओढतंय," सौदामिनी म्हणाली, "आणि पाटा त्याला धरतोय. जेवढं ओढणं तेवढंच धरणं. दोन्ही सारखी, म्हणून तो गप्प. घाल अजून."

सातव्या पुस्तकाला ठोकळा सुटला आणि तांदूळ ओसरीभर झाले. भिमा हसत सुटली. सौदामिनीनं तांदूळ भरले, पुस्तकं काढली आणि पाट्यावर पळीभर तेल ओतलं. यावेळी तिसऱ्याच पुस्तकाला मापटं अंगणात जाऊन पडलं.

भिमाचं हसू थांबलं. "म्हंजी आमी तेल घालतो म्हणून…"

"तेलानं धरण्याची हद्द कमी होते. दर शनिवारी शिळा जराशी सुटते, मग कोरडा कातळ लागला की पुन्हा धरते. पण आता लाकूड आतपर्यंत मुरलंय. म्हणून अंतर वाढतंय."

"आन् अखितीला?" भिमाचा आवाज एकदम बारीक झाला. "अखितीला समद्या गावानं घरटी तांब्याभर तेल घालायचं ठरलंय. मग आंब्याखाली पंगत. सावली तितंच हाय न्हवं."

अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली होती.

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पाट्याकडं पाहिलं, मग तांदळाकडं. "तेल कुणी सांडलं?"

"शास्त्रानं," आनंद म्हणाला.

"शास्त्राला म्हणावं, पाटा घासून ठेव."

*

चावडीवर गेनबा पाटील बसले होते आणि त्यांच्या शेजारी नेमका चिमाजी मुकादम. डोक्याला जरीचा रुमाल, कानात अत्तराचा बोळा. सौदामिनीनं सगळं सांगितलं. पाच रेघा, चार बोटं, झरा, पंगत. पाटलांनी मधे एकदाही तोडलं नाही.

चिमाजीच हसला. "घ्या. आता शाळेतल्या पोरी देवाला शिकवाय लागल्या. अगं बाई, तीस गड्यांनी वढला, जागचा हलला न्हाई. तेलाच्या धारंनं हालंल?"

"तीस गड्यांनी ओढला तेव्हा तेल नव्हतं," सौदामिनी म्हणाली. "आणि तुम्ही पुढं अडकणीला धोंडे का नाही लावले? उतारावर दगड सोडून जाताना लावतात ना?"

चिमाजीचं हसू जरा आखडलं. "देवाला कुणी अडकण लावतं व्हय?"

"आदी लावायची. देव मागनं झाला," भिमा पुटपुटली.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरी, तू खोटं बोलत न्हाईस, ते मला दिसतंय. पन गावानं ठरवलेलं एका पोरीच्या सांगन्यावरनं मोडता येत न्हाई. तुजं वडील शास्त्राचं मास्तर हायेत न्हवं? त्येंना बोलाव. त्येंनी हितं उभं ऱ्हाऊन सांगितलं, तेल घालू नका, तर एक थेंब पडनार न्हाई. ह्यो माझा सबूद."

आनंदनं तिच्याकडं पाहिलं. भिमानंही पाहिलं, पण आशेनं.

"येतील," सौदामिनी म्हणाली.

घरी येताना भिमा पुढं पळत होती. आनंद मागं रेंगाळला. "कोण येणार, सौदा?"

ती चालत राहिली.

"मी बोलणार होतो. पण शपथ होती."

"मग पाळ शपथ."

"पण आता काय करायचं?"

"मला विचारू नकोस," ती म्हणाली आणि वाट सोडून एकटीच ओढ्याकडं वळली.

ओढा जवळजवळ आटला होता. पलीकडच्या खाचरांतून पेरणीआधी राब भाजल्याचा वास येत होता. मामींनी आईला लिहायला दिलेलं कोरं कार्ड तिच्या परकराच्या ओच्यात होतं. ती दगडावर बसली. पेन्सिल काढली आणि हातानं आपसूक लिहिलं, 'तीर्थरूप अप्पांस.'

पुढं काय लिहायचं ते तिला माहीत होतं, म्हणून ती लिहीत गेली. शिळा किती लांब, उतार किती पुस्तकांचा, लाकूड कुठलं, तेल किती. अक्षर बारीक करत करत तिनं कार्ड भरवलं. शेवटी लिहिलं, 'ओढणारा जोर कमी करता येत नाही. धरणारा जोर कमी होतो आहे. तेल थांबवायला कुणी तयार नाही. काय करू?'

त्यांनी उत्तर कधीच सरळ दिलं नसतं. उलट विचारलं असतं, हा धरणारा दमला असेल, तर दुसरा धरणारा आणता येईल का?

मग तिनं कार्ड ओढ्याच्या उरलेल्या पाण्यात सोडलं. पाणी इतकं थोडं होतं की कार्ड जेमतेम हातभर गेलं आणि गोट्यांना अडकून थांबलं. दोन लहानसे गोटे होते. सौदामिनी त्यांच्याकडं बघत राहिली.

*

"पुढं धोंडे लावायचे," तिनं दोघांना सांगितलं. "शिळेच्या खाली दोन हातांवर कातळाला आडवी खोबण आहे. त्या खोबणीत मोठे धोंडे बसवले, तर ते स्वतः घसरणार नाहीत. मग त्यांच्या मागं भर. शिळा सुटली तरी त्यांच्यावर येऊन थांबेल."

"किती धोंडे लागतील?" आनंदनं विचारलं.

"जेवढे जास्त तेवढं बरं. दोनशे. तीनशे."

"अस्सं. म्हणजे मी, तू आणि भिमा. दिवाळीपर्यंत होईल."

"खिंडीतल्या देवाला लागत्यात तेवढं," भिमा म्हणाली.

"कुठला देव?"

"घाटाच्या खिंडीतला. जानारा-येनारा एकेक धोंडा वाहतो त्येला. केवडा ढीग झालाय. तेल-बिल काय लागत न्हाई त्येला. डोंगरातला देव हाय त्यो."

सौदामिनी आणि आनंद एकमेकांकडं पाहू लागले.

"भिमा," आनंद सावकाश म्हणाला, "ही शिळा कुठून आली?"

"खाणीतनं."

"आणि खाण कुठंय?"

"डोंगरात," भिमा म्हणाली, आणि मग तिचे डोळे मोठे झाले. "आजीला सांगाया पायजे."

रतनबाई म्हणजे भिमाची आजी. शिळेपुढं पहिला दिवा तिनंच लावलेला. ती दारात नाचणी पाखडत होती. भिमा भडाभडा बोलू लागली, तशी म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि तिला गप्प केलं.

"तू न्हाई. ही सांगंल. मास्तरांची भाची. पोरी, देवाचं मी बगते. तुला काय दिसतंय त्ये सांग."

सौदामिनीनं सांगितलं. म्हातारी उठली, काठी घेतली आणि तिघांबरोबर भर उन्हात कातळ चढली. पाच रेघांवरून तिनं एकेक करून बोट फिरवलं. चार बोटांचं अंतर तिनं स्वतःच्या बोटांनी मोजलं. मग वळून झऱ्याकडं पाहिलं. तिची सून तिथं पाणी भरत होती.

"दिवा म्या लावला," ती म्हणाली. "आता म्याच बगाया पायजे."

संध्याकाळपर्यंत गावात निरोप फिरला. रतनबाई म्हणते, देव डोंगरातनं आलाय. डोंगराच्या देवाला आधी धोंडा वाहायचा असतो, ते गाव विसरलं. अखितीला माणशी पाच धोंडे, पोरांनी दोन. ते वाहिल्याबिगर तेल नाही. आणि तेल झाल्याबिगर कुणी आंब्याखाली बसायचं नाही. रतनबाईचं म्हणणं खोडायची गावात कुणाची छाती नव्हती, पाटलांचीही नाही.

आदल्या दिवशी तिघं मोठे धोंडे खोबणीत बसवत होती. एकेक धोंडा तिघांनी लोटत आणायचा, हलवून बघायचा, डुगडुगला तर काढून दुसरा लावायचा. आनंदची बोटं दोनदा चेंगरली. सहावा धोंडा बसवताना चिमाजी मुकादम पाया पडायला आला.

"काय चाललंय रं?"

"देवाला ओटा बांधतोय," आनंद म्हणाला.

"वा. बांदा बांदा. पुण्य लागंल."

"तुम्ही पण हात लावा, मुकादम. तुम्हाला जास्त लागेल."

चिमाजीनं इकडं तिकडं पाहिलं. दोन बायका बघत होत्या. नाइलाजानं त्यानं रुमाल काढून बाजूला ठेवला आणि एक मोठा धोंडा उचलून सौदामिनीनं दाखवलेल्या जागी बसवला. महिनाभरापूर्वी लावायची अडकण त्यानं अशी स्वतःच्या हातानं लावली, आणि त्याला ते कळलंही नाही.

*

अखितीच्या सकाळी सारं गाव कातळाच्या दोन्ही कडांनी चढलं. बायांच्या डोक्यावर धोंडे, पोरांच्या कमरेला धोंडे. खोबणीपाशी सौदामिनी उभी होती. "हा इथं. हा त्याच्या मागं. फट राहू देऊ नका," ती सांगत होती आणि लोक ऐकत होते, कारण शेजारी रतनबाई काठी टेकून उभी होती. ढीग वाढत वाढत पुरुषाच्या कमरेएवढा झाला.

मग तेल. घरटी तांब्या. आठवा, दहावा, पंधरावा. ऊन तापलं होतं आणि तेल पाण्यासारखं पातळ होऊन लाकडांखाली शिरत होतं. खाली आंब्याची सावली मोकळी होती. सौदामिनीनं तीनदा पाहिलं.

सतराव्या तांब्याला कुठूनतरी खूप खोल दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"बाजूला व्हा," सौदामिनी म्हणाली. कुणी ओरडलं नाही, वेळच नव्हता. शिळा हलली. आधी नखभर, मग एकदम. दोन हातांचं अंतर तिनं डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडलं आणि धाडकन धोंड्यांवर आदळली. वरचे धोंडे उडाले, दोन-तीन घरंगळत खाली गेले आणि आंब्याच्या बुंध्यावर आपटले. खोबणीतले मोठे धोंडे एकमेकांत आणखी घट्ट रुतले. भसकन धूळ उडाली.

मग सगळं थांबलं.

आंब्याची साल फुटून पांढरं खोड उघडं पडलं होतं. गाव तिकडं बघत राहिलं. तिथं पानं मांडायची ठरली होती.

गेनबा पाटील सावकाश पुढं आले. त्यांनी तेलकट लाकडावर हात ठेवला, धोंड्यांच्या ढिगाकडं पाहिलं आणि मग गर्दीतून जरीचा रुमाल हुडकून काढला.

"चिमाजी, ह्ये धोंडे हितं नसतं तर?"

"पाटील, देवाच्या मनात…"

"देवाचं राहू दे. तुज्या मनात काय हुतं? उतारावर एवडं धूड सोडून गेलास, म्होरं अडकन न्हाई."

"काल एक लावला की म्या," चिमाजी कसाबसा म्हणाला.

"तो पण आम्ही सांगितला म्हणून," आनंद म्हणाला, आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

पाटलांनी तिथंच निवाडा केला. शिळा आता खाली न्यायची नाही, आहे तिथंच राहील. चिमाजीनं आपल्या गड्यांकडून तिच्यापुढं चुन्यात पक्का बांध घालून द्यायचा. साकवाला दुसरी शिळा काढायची आणि ती खाली पोचेपर्यंत तिच्यापुढची अडकण काढायची नाही. तेल बंद, दिवा चालू. रतनबाईनं मान डोलावली.

मग पाटील सौदामिनीकडं वळले. सारं गाव तिच्याकडं बघत होतं. भिमाच्या आईनं पुढं होऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मामी गर्दीत मागं उभ्या होत्या.

"पोरी, गाव तुजं लई देनं लागतं," पाटील म्हणाले. "तुला ही नजर कुनी दिली, त्ये मला ठावं हाय. मास्तरांना यायला जमलं न्हाई, त्येंना साळंचं काम आसंल. काय हरकत न्हाई. उद्या मीच गाडी जुपतो आन् भोरला जातो. नारळ-पागोटं घेऊन. त्येंच्या म्होरं बसून सांगतो, मास्तर, तुमच्या पोरीनं आमचं गाव राखलं. कुटल्या आळीत ऱ्हातात त्ये?"

आनंदनं पटकन तोंड उघडलं. "पाटीलबाबा, ते आता गावाला…"

"आनंद, राहू दे," सौदामिनी म्हणाली.

तिचे हात तेलानं आणि धुळीनं माखले होते. ते कुठं ठेवावेत ते तिला कळेना. पाटील वाट बघत होते. त्यांच्या डोळ्यांत अप्पा अजून भोरला होते, टोपी घालून शाळेत निघालेले. ती बोलली की ते तिथूनही जाणार होते. आणि हा भला माणूस चाळीस मैल गाडी हाकत जाऊन आईच्या दारात नारळ घेऊन उभा राहणार होता.

तिनं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता श्वास आला. रतनबाईनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि काही न विचारता मोकळा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"पाटीलबाबा, जाऊ नका," सौदामिनी म्हणाली. "मी तुमच्याशी खोटं बोलले. ते येणार नव्हते. आमचे अप्पा गेले. फाल्गुनात, बुधवारी, वर्गात शिकवताना. अप्पा गेले."